पुढच्या सालचा प्रोसेसर

दारव्ह्यात त्या वर्षांत कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे आधी पिंपळखुटे सरांना विचारायचं, अशी पद्धत होती. दुकान यवतमाळला, पैसा कापसाचा आणि निवड सरांची. सर कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर दोन-चार माणसं येऊन बसलेली असत. कुणी बोरी अरबहून आलेला असे, कुणी दिग्रसकडच्या खेड्यातून. सोबत बहुधा दहावी-बारावीतला मुलगा असे. त्याने आधीच कुठून तरी एक छापील जाहिरात आणलेली असे आणि सर ती न वाचताच घडी घालून त्याला परत देत.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी काम करत असलेल्या वर्तमानपत्राचं तालुका कार्यालय होतं. तिथला कॉम्प्युटरही सरांनीच निवडलेला. त्यामुळे त्यांची तपासणीची पद्धत मला जवळून पाहायला मिळाली.

सर उंच होते आणि खांद्यातून थोडे वाकलेले. शर्टाच्या खिशात टेस्टर आणि एक छोटं भिंग. भिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं आहे का, असं कुणी गमतीने विचारलं तर ते गमतीत घेत नसत. स्वतः विकत घेतल्याचं सविस्तर सांगत. वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. ज्याचं आपल्याकडे काम आहे त्याच्याकडची सुपारीसुद्धा खायची नाही, हा घरचा नियम सरांनी कॉम्प्युटरच्या बाबतीतही पाळला. दुकानात चहा नाही, घेणाऱ्याच्या घरीही नाही. यवतमाळला जायचं तर स्वतःच्या तिकिटावर.

ओट्यावर ते माणसाला पहिला प्रश्न ठरलेला विचारत.

"आज काय करायचं ते सांगू नका. तीन वर्षांनी काय करायचं आहे?"

समोरचा माणूस चुळबुळ करी. "पाहू ना सर."

"पाहू नाही. ठरवून सांगा. त्यावर बोर्ड ठरते."

मग तो मुलाकडे बघे आणि काही तरी सांगे. पोरगं इंजिनिअरिंगला जाईन. आम्ही सेवा केंद्र टाकू. नकाशे काढायचं काम घेऊ. सरांचा चेहरा खुले. इंजिनिअरिंग म्हणजे नकाशाचे प्रोग्राम, म्हणजे दमदार प्रोसेसर, म्हणजे तो पुढे बसवता येईल असा मदरबोर्ड आजच घ्यायला हवा. त्यांची सगळी विद्या या एका सूत्रात होती. ज्याच्याकडे पैसा थोडा आहे त्याने तो बोर्डात घालावा आणि प्रोसेसर सध्या सगळ्यात हलका घ्यावा. बोर्ड पक्का असला की प्रोसेसर केव्हाही काढून दुसरा बसवता येतो.

शेतकऱ्यांना ते त्यांच्या भाषेत सांगत. "बोर्ड म्हणजे वावर. प्रोसेसर म्हणजे बियाणं. बियाणं दर साली बदलल्या जाते. वावर एकदाच घेतल्या जाते."

हे लोकांना पटे, कारण आमच्याकडे वस्तू घेण्याची रीतच तशी होती. कापूस एकदम घरात येत नाही, वेच्यावेच्याने येतो. पहिल्या वेच्याच्या पैशात कॅबिनेट, बोर्ड आणि नावापुरता प्रोसेसर. संक्रांतीच्या सुमाराच्या वेच्यात आणखी रॅम. खरा प्रोसेसर पुढच्या हंगामात. कापसाचे भाव पडलेले, चुकारे लांबलेले, अशा काळात कॉम्प्युटरसारखी वस्तू घरात आणण्याचा दुसरा मार्ग नव्हता. मी त्या वर्षांत कापसाच्याच बातम्या देत होतो. बाहेरून येणारी पाहणी-पथकं, त्यांच्या गाड्या, त्यांनी विचारलेले प्रश्न. त्या सगळ्यांत 'पुढचा हंगाम' हा शब्द आशेने उच्चारणारा माणूस मला सरांच्या ओट्यावरच दिसला.

घरातही त्यांचा हाच खाक्या होता. घर एकमजली, पण कॉलम तीन मजल्यांचे. गच्चीवर सळया उभ्या सोडलेल्या.

"याहीनं सळया ठेवल्या वरच्या मजल्यासाठी," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगत. "मी त्याले दोऱ्या बांधून धुणं घालते. मिक्सर आणला तोही मोठ्या मोटरचा. तीन भांडे पुढच्या साली येणार आहेत. लेकीचं लग्न झालं, नातू शाळेत गेला, भांडे काही आले नाहीत."

"सळया कापल्या की पुन्हा जोडल्या जात नाहीत," सर शांतपणे म्हणत.

"पण वर राहणार कोण, ते तर सांगा."

यावर सर वर्तमानपत्र उघडत.

यवतमाळच्या दुकानाचे मालक किशोरशेठ. सर दारात दिसले की ते कामाच्या पोऱ्याला म्हणत, "स्टूल दे. जावई पाहायला पाहुणे आले." सर स्टुलावर बसून बोर्ड खिडकीच्या उजेडात धरत. भिंगातून अक्षरं वाचत. उलटा करून मागचे सांधे बघत. मग प्रोसेसर जिथे बसतो ते चौकोनी सॉकेट. त्या सुमारास सॉकेटची नवी जात आली होती. आधीच्या प्रोसेसरला खालून बारीक पाय असत. नव्या जातीत पाय बोर्डात गेले आणि प्रोसेसर खालून सपाट झाला. सरांनी मासिकांत वाचून ठेवलं होतं की हे सॉकेट बरीच वर्षं टिकणार आहे. पुढचे प्रोसेसर याच्यातच बसतील. हे त्यांचं वाचन बरोबर होतं. ते सॉकेट खरोखरच बरीच वर्षं टिकलं.

एके दिवशी सरांबरोबर दुकानात रेखा गावंडेही होती. सरांची जुनी विद्यार्थिनी, बोरी अरबची सून. डी.एड. झालेली. नोकरी नव्हती, म्हणून तिने गावात कॉम्प्युटरचा वर्ग काढायचं ठरवलं होतं. सरकारी नोकरीसाठी कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र लागू लागलं होतं आणि ते देणारी एक संस्था खेड्यापाड्यांत केंद्रं देत होती. त्यासाठी पाच मशीन हव्या होत्या. तिचे सासरे भगवंतराव सोबत आले होते. वर्गासाठी त्यांनी घराची समोरची खोली दिली होती. त्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असे, भाव वाढायची वाट बघत. त्या वर्षी वाट न बघता त्यांनी तो विकला आणि खोली झाडून चुना मारला.

किशोरशेठने दोन बोर्ड समोर ठेवले. एक सरांचा नेहमीचा, दुसरा थोडा महाग.

"सर, पाच मशीनचं काम आहे. हे वालं न्या. कंपनी म्हणते, पुढचं पण ह्याच्यात चालेल."

सरांनी दोन्ही बोर्ड शेजारी धरले. दोन्हींवरची सॉकेट भिंगातून पाहिली. "सॉकेट तेच आहे. मग जास्तीचे कशाचे?"

"चिपसेट नवा आहे सर. मी काय, कंपनी सांगते ते सांगतो."

"कंपनी विकते, शेठ. तुम्हीही विकता." सर हसले. भगवंतरावही हसले. व्यापारी महागाचं पुढे करतो तेव्हा हात मागे घ्यायचा, ही तर दोघांचीही घरची शिकवण. किशोरशेठने महागाचा बोर्ड पुन्हा खोक्यात घातला आणि विषय सोडून दिला. रेखाने विचारलं, "सर, मंग पुढं नुसता प्रोसेसरच बदलला का झालं ना?"

"नुसता प्रोसेसर. माझा शब्द आहे."

वर्ग चांगला चालला. बोरी अरब आणि आजूबाजूच्या गावांतली मुलं येत. मुली जास्त, कारण दारव्ह्याला रोज पाठवायला घरचे तयार नसत. मग संस्थेचं पत्रक आलं. नवा अभ्यासक्रम जड होता. केंद्राची मान्यता पुढे चालू ठेवायची तर मशीनचे प्रोसेसर नव्या जातीचे हवेत. दारव्ह्यातल्या दोन केंद्रांनी हातपाय गाळले. रेखा मात्र निर्धास्त होती. तिने मुलींना सांगितलं, आपल्याला नुसते प्रोसेसर बदलायचे आहेत. सरांनी तेव्हाच पाहून ठेवलं आहे.

सरांनी नागपूरहून एक प्रोसेसर मागवला. एका मशीनवर चालवून बघायचा आणि मग चार आणायचे, असं ठरलं. सर त्या दिवशी खुशीत होते. मलाही त्यांनीच बोलावलं. खेड्यातल्या वर्गाने शहराच्या बरोबरीने पाऊल टाकल्याची बातमी होईल, असं त्यांचं म्हणणं. मी कॅमेरा घेऊन गेलो.

खोलीत वीसेक मुलं-मुली दाटून उभी होती. भगवंतराव दाराशी खुर्ची टाकून बसले होते. सरांनी मुलांना समजावून सांगत जुना प्रोसेसर काढला. नवा डब्यातून काढून सगळ्यांना दाखवला. "बघा. खाचा त्याच, माप तेच." तो सॉकेटात बसला, वरची तरफ दबली. पंखा लावला. बटन दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

सरांनी मॉनिटरची वायर पाहिली. रॅम काढून पुसून लावली. बोर्डावरचा छोटा सेल काढला, थोडं थांबून परत घातला. पंखा दर वेळी फिरे आणि पडद्यावर काही येत नसे. मागे कुजबुज चालली होती ती थांबली. सरांनी दुसरी मशीन उघडली. तिथेही तेच. तिसरी उघडायला त्यांनी हात लावला आणि काढून घेतला.

"सर, लाइन तर आहे," भगवंतराव म्हणाले.

"हो. आहे."

"वावर चांगलं, बियाणं नवं. मंग उगवून काहून नाही राह्यलं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. सरांनी माझा फोन मागितला आणि बाहेर जाऊन किशोरशेठला लावला. मी शेजारी उभा होतो. पलीकडून काय बोललं जात होतं ते ऐकू आलं नाही. सर मधूनमधून 'हं' म्हणत होते. एकदा म्हणाले, "हो, तुम्ही दाखवला होता." मग पुन्हा बराच वेळ ऐकत राहिले. फोन परत देताना त्यांचे कान लाल झालेले होते.

आत येऊन त्यांनी सगळ्यांसमोरच सांगितलं. प्रोसेसर याच सॉकेटात बसतो, पण या बोर्डाचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप, जुना आहे. तो नव्या प्रोसेसरला ओळखत नाही आणि त्याला हवी तशी वीज देत नाही. यात दुरुस्ती नाही. बोर्ड बदलावे लागतील. नव्या बोर्डाला ही रॅमही चालणार नाही.

"म्हणजे सगळंच," रेखा म्हणाली.

"सगळंच."

"पण सर, तुमी तर तेव्हा..." भगवंतराव बोलू लागले.

"बाबा, राहू द्या." रेखाने त्यांना थांबवलं. मुलांना घरी पाठवलं. मग आत गेली आणि चहा घेऊन आली. "सर, घ्या."

मी त्यांना कुणाच्या घरी चहा घेताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी कप उचलला आणि पूर्ण प्यायले. नाही म्हणण्याइतकी ताठ मान त्यांच्याकडे उरली नव्हती. फोटो मी काढले नाहीत. बातमीही दिली नाही.

जाताना त्यांनी रेखाला स्वतःची मशीन देऊ केली. "एका मशीननं केंद्र होत नाही, सर," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. पुढच्या महिन्यात केंद्राची मान्यता गेली. काही मुलं दारव्ह्यात टिकलेल्या एका वर्गात गेली, बहुतेक मुलींचं शिकणं तिथेच थांबलं. रेखाने मशीन ठेवल्या. अर्ज भरून देणं, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका अशी कामं ती त्यांच्यावर करत राहिली.

यानंतर सरांनी जे केलं ते दारव्ह्यात अनेकांना विचित्र वाटलं. ज्यांना ज्यांना त्यांनी तो बोर्ड घ्यायला लावला होता, त्यांच्या त्यांच्या घरी ते जाऊ लागले. कॉलेज सुटल्यावर सायकलने, लांबच्या गावी एस.टी.ने. लोकांना आधी वाटे, सर वर्गणीला आले. सर उभ्यानेच सांगत, "तुमच्या मशीनमध्ये नवा प्रोसेसर चालणार नाही. मी चालेल म्हटलं होतं ते चुकलं. तुम्ही विकत घ्याल आणि मग कळेल, म्हणून आधी सांगायला आलो."

काकू वैतागल्या. "कोणी विचारलं नाही, कोणी तक्रार केली नाही. हे दारोदारी कायले हिंडून राह्यले?"

"विचारेपर्यंत थांबायचं का?" सर म्हणाले.

एकदा एस.टी. चुकली म्हणून मी त्यांना माझ्या गाडीवर नेलं. गाव रस्त्यापासून आत होतं. दादाराव नावाच्या शेतकऱ्याचं घर. कॉम्प्युटर बैठकीत टेबलावर होता, वर भरतकाम केलेलं झाकण. मुलगा पुण्याला शिकायला गेलेला. सरांनी त्यांचं ठरलेलं वाक्य म्हटलं. दादारावांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा ना सर. त्याची काही फिकर करू नका. आमी बदलणारच नोयतो."

सर बसले नाहीत. "पण तुम्ही म्हणाला होता. मुलगा इंजिनिअरिंगला जाईल, पुढच्या हंगामात मोठा प्रोसेसर घेऊ."

"म्हटलं होतं."

"मग?"

दादाराव मागे वळले. बायको आतल्या दारात उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं. "तुमी ओट्यावर विचारलं होतं सर, तीन वर्षानं काय. चार लोक बसून होते. पोरगं बाजूले उभं. त्याच्यासमोर मी काय म्हणू? का बाप्पा, मले पुढच्या साली काय होईन तेच ठाऊक नाही, म्हणू? लाज वाटे. म्हणून म्हटलं इंजिनिअरिंग. त्यानं बी.कॉम. केलं."

"मला तसं सांगायचं होतं."

"तुमच्यासमोर कोण सांगन सर? तुमी इतकं खुश होऊन राह्यले होते."

सर उठले असं म्हणता येत नाही, कारण ते बसलेच नव्हते. त्यांनी नमस्कार केला आणि बाहेर आले. मी गाडी सुरू केली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या होत्या, दोन्ही बाजूंना उघडं रान. डांबरी सडक लागली. मग सर मागून म्हणाले, "मी प्रत्येकाला विचारलं." थोड्या वेळाने पुन्हा, "सगळ्यांसमोर विचारलं."

चिपसेटची चूक ते मोकळेपणाने सांगत. हे दुसरं मात्र त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. त्यानंतर ते त्या मोहिमेवर गेले नाहीत. उरलेल्या घरांची यादी त्यांना तोंडपाठ होती, पण आता प्रत्येक दारात आपल्याला काय ऐकावं लागेल हेही कळलं होतं. आणि त्यापेक्षाही, आपण गेलो की त्या माणसाला काय कबूल करावं लागेल, हे कळलं होतं. रविवारी ओट्यावर कुणी आलंच तर ते म्हणत, "किशोरशेठला विचारा. त्याला कळते." तीन वर्षांचा प्रश्न विचारणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. हळूहळू लोक येईनासे झाले.

मी पुढे यवतमाळच्या कार्यालयात आलो. काही वर्षांनी प्रिंटरच्या शाईसाठी किशोरशेठच्या दुकानात गेलो होतो. कप्प्यांत आता लॅपटॉपची खोकी होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर पिंपळखुटे सर बसले होते. निवृत्त झालेले, कोषागारात पेन्शनचं काही काम होतं ते उरकून टेकलेले. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी हाक मारणार, इतक्यात दारात एक पिकअप थांबली आणि रेखा गावंडे उतरली.

तिला उमरखेडकडे आश्रमशाळेत नोकरी लागली होती. गावातली कामं बंद करून ती पाचही मशीन विकायला घेऊन आली होती. सर उभे राहिले. तिने खाली वाकून नमस्कार केला, सर मागे सरकले. पोऱ्याने मशीन काउंटरवर आणून मांडल्या.

"ताई, ह्याचं मी काय देणार?" किशोरशेठ म्हणाले. "भंगारवाला वजनावर घेतो, त्यालाच विचारतो."

"चालू आहेत," सर म्हणाले.

"सर, चालू असतील. घेणार कोण?"

सरांनी पहिल्या मशीनला वायर लावली, मॉनिटर ओढून घेतला. पडदा उजळला. बंद करून त्यांनी दुसरी जोडली. तीही लागली. किशोरशेठने एकदा माझ्याकडे बघून खांदे उडवले. पाचव्या मशीनचा पंखा आवाज करत होता. सरांनी तिची बाजू उघडली, फुंकर मारली, रुमालाने बोर्ड पुसला. भिंग त्यांनी काढलं नाही.

"यातला एकही कधी बंद पडला नाही, सर," रेखा म्हणाली. "बोर्ड चांगलेच होते."

तिने हे धीर द्यायला म्हटलं. सरांचा हात थांबला. मग त्यांनी पत्रा परत बसवला. त्याचे स्क्रू रेखाने गोळा करून ठेवले होते. तिने तळहात पुढे केला. ते एकेक स्क्रू उचलून घट्ट बसवत होते, भंगारात जाणाऱ्या मशीनला लागणार नाही इतकं नीट, आणि दर वेळी तिच्या तळहातापर्यंतच बघत होते, वर नाही.

मी शाई न घेताच बाहेर पडलो.